शेवाळाचा गेलेला गुण

एका फ्लास्कचे वजन मी दोनदा केले होते. पहिल्या वजनाचा आकडा ज्यांना सांगितला, त्यांनी त्याच्या भरवशावर नोकरी सोडली, चाळीच्या गच्चीवर टाक्या मांडल्या आणि उरलेली उमेद त्या टाक्यांतल्या हिरव्या पाण्यात घातली. दुसऱ्या वजनाचा आकडा मी कोणालाच सांगितला नाही. पहिला चुकीचा होता आणि दुसरा बरोबर होता, हे मला ठाऊक होते. त्यानंतर मी विभागप्रमुख झालो, प्रयोगशाळेतल्या प्रामाणिकपणावर विद्यार्थ्यांपुढे बोललो, आणि त्यांतली एकदोन भाषणे चांगली झाली असेही लोक म्हणाले. आज पन्नाशी उलटून गेली आहे. एखादी गोष्ट इतकी वर्षे लपवून ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. ज्याच्यापासून लपवायची तो माणूस आपल्यावर विश्वास ठेवणारा असला की पुरते.

तो माणूस म्हणजे आमचे सर. परळच्या ज्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो, तिथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी औषधाची एक काचेची बाटली असे आणि तिच्यात हिरवे पाणी. आतल्या शेवाळाला श्वास घेता यावा म्हणून तिचे झाकण ते मुद्दाम सैल ठेवत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर हिरवट डाग पडलेला असे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "चाळीच्या दोरीवर आमच्या घरचे कपडे ओळखायला मला खूण करावी लागत नाही."

प्राचार्यांची सभा लांबली की सर ती बाटली काढून हलवत आणि ट्यूबलाइटसमोर धरून न्याहाळत. एकदा प्राचार्य वैतागले. "सर, आमच्या बोलण्याकडे लक्ष आहे ना?"

"पूर्ण आहे, सर. पण हिला मधूनमधून हलवावं लागतं, नाहीतर तळाशी जाऊन झोपते. आपल्या स्टाफसारखीच आहे."

माणसांना नावाने हाक मारायची नाही, असा त्यांचा काहीतरी नेम होता. ते विषयाने हाक मारत. "काय फिजिक्स, मुलीचं ॲडमिशन झालं का?" "इतिहास, अहो तुमची चप्पल माझ्या पायात आली." मी 'केमिस्ट्री' होतो. आरंभी मला ती थट्टा वाटली. पुढे लक्षात आले की त्यांच्या लेखी तो मान होता. प्रत्येकाला एक विषय येतो आणि त्या विषयात त्याचा शब्द शेवटचा, असे ते मनापासून मानत. मी दिलेला आकडा त्यांनी स्वतः कधी पडताळला नाही. तसे करणे त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणे उघडून बघण्यासारखे वाटले असते.

त्यांचे वडील काळाचौकीजवळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. सर त्याच भागातल्या चाळीत वाढले आणि त्या चाळीतून प्राध्यापक झालेले पहिले तेच. वर्गात ते सांगत, "माझा बाप कोळसा ढकलायचा. कोळसा म्हणजे काय? गाडलं गेलेलं झाड. आणि डिझेल म्हणजे काय? समुद्राच्या तळाशी गाडलं गेलेलं शेवाळ. निसर्गाने त्याला कोट्यवधी वर्षं घेतली. आपण म्हणतो, आठवड्यात करून दे. मग तो हसणार नाही तर काय?"

त्या दिवसांत शेवाळापासून इंधन काढण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येत. शेतजमीन नको, गोडे पाणी नको, सांडपाणीही चालेल, धुराड्याचा धूर हेच त्याचे अन्न. गाड्या शेवाळावर चालणार. मुले कात्रणे घेऊन सरांकडे धावत. सर ती शांतपणे वाचत आणि मग उत्साहाच्या चिंध्या करत.

"छान आहे. आता पुढचं ऐका. बादलीभर हिरव्या पाण्यात शेवाळ किती? चिमूटभर. बाकी पाणीच. ते पाणी काढायला यंत्र फिरवा, मग वाळवा, मग तेल काढा. जेवढी वीज जाळलीत तेवढीही त्या तेलातून परत येत नाही. दुसरं म्हणजे, त्याला पोटभर खायला घातलं तर ते वाढतं, पण तेल धरत नाही. उपाशी ठेवलं तर तेल धरतं, पण वाढायचं थांबतं. बोला, काय करता?"

"सर, एक दिवसाआड उपास?" मागून कोणीतरी म्हणे.

"हो, चतुर्थी आणि एकादशी दोन्ही धरायला लावू." मग ते गंभीर होत. "निम्मं वजन तेलाचं आहे असं शेवाळ, जे आपल्या मे महिन्यातही मरत नाही, ते मला आणून दाखवा. मग हे गणित कदाचित जमेल. तोवर ही कात्रणं वहीत ठेवा, दाबलेल्या फुलांसारखी."

इतक्या शंका असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र तेच शेवाळ शोधत हिंडत असे. गळक्या टाकीची भिंत, हिंदमाताजवळ साचलेले पाणी, वडाळ्याची मिठागरे, कुठलाही हिरवा थर त्यांना परका नव्हता. मी पुष्कळदा सोबत जाई. वरळी कोळीवाड्यात एकदा ते एका होडीच्या बुडाला चिकटलेला थर चमच्याने खरवडत बसले होते. शेजारी सुकट निवडणारी एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"ए मास्तर, ती घान घरला नेऊन काय करनार? कालवन?"

"तेल काढणार, आजी. तुमच्या होडीलाच घालायला."

"होडीची घान काढून परत होडीलाच? मंग चमच्यानं काय करतंय, सगली घासून ने की!"

सरांनी खरोखरच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अर्धी होडी घासून दिली. मी नाकाला रुमाल लावून काठावर उभा होतो. त्या दिवसाची आठवण झाली की मला होडी आठवत नाही, तो रुमाल आठवतो.

आणलेल्या प्रत्येक नमुन्याला ते गावाचे नाव देत. 'वरळीकर' फार टिकला नाही. 'हिंदमाता' महिनाभर फोफावली आणि एका रात्रीत पांढरी पडली. मिठागराच्या कडेहून आणलेली 'वडाळेकरीण' मात्र चिवट निघाली. प्रयोगशाळेच्या खिडकीत मे महिन्याचे ऊन खाऊन बाकीच्या बाटल्या मेल्या, ती तशीच हिरवी राहिली. सर तिच्याकडे बघत उभे राहत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच अधीरपणा दिसू लागला. तिची वाळवलेली पूड त्यांनी माझ्या हाती दिली. "बघ रे केमिस्ट्री, किती तेल आहे. घाई नाही."

घाई मला होती. गणपतीच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस होता. आमची मूर्ती लालबागच्या एका कारखान्यात सांगितलेली होती, आणि वडील गिरगावाहून निघून तिथे येऊन थांबले होते. दोनदा त्यांचा फोन येऊन गेला होता.

काम तसे साधे असते. पूड हेक्झेन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवात भिजवायची. ते तेल ओढून घेते. मग फ्लास्क तापवून हेक्झेन उडवून लावायचे. मागे उरते ते तेल. पण हेक्झेन सहजासहजी जात नाही. म्हणून फ्लास्क तापवायचा, निववायचा, तोलायचा. पुन्हा तापवायचा, पुन्हा तोलायचा. लागोपाठ दोन वेळा तेच वजन आले की थांबायचे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवतो. त्या दिवशी मी एकदाच तोलले. फ्लास्कच्या तोंडाला पेट्रोलसारखा वास होता, आणि तो मला येत होता.

सर दारात उभे होते. "किती?"

"निम्मं भरतंय, सर. जवळजवळ निम्मं."

ते स्टुलावर बसले. "नीट बघितलंस?"

"बघितलं, सर."

ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने बटाटेवड्यांचा मोठा पुडा घेऊन आले. शिपायांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांना वडे वाटले, कशाबद्दल ते कोणालाच सांगितले नाही. माझ्या वाट्याचे दोन कागदात गुंडाळून दिले. ते खात खातच मी लालबाग गाठले.

सुट्टीनंतर फ्लास्क कपाटात तसाच होता. धुवायला घेण्याआधी, निव्वळ सवयीने, मी तो पुन्हा काट्यावर ठेवला. उरलेले हेक्झेन इतक्या दिवसांत आपोआप उडून गेले होते. आत तळाशी हिरवट, चिकट असे थोडेसे उरले होते. पाचातला एक भाग, तोही ओढूनताणून. कुठल्याही साध्या शेवाळात असते तेवढेच.

मी लगेच स्टाफरूमकडे निघालो, हे मला स्वतःविषयी नोंदवून ठेवावेसे वाटते. दाराशी पोचलो तेव्हा सर आत प्राचार्यांना वडाळेकरणीविषयी सांगत होते. शंकेखोर माणूस एकदा शंका सोडतो तेव्हा किती मोकळा होतो, ते मी त्या दिवशी पाहिले. ते बोलून बाहेर पडले. कोपऱ्यातल्या टेबलाशी एकजण खालच्या आवाजात म्हणाला, "कोट्यातून आले, आता गच्चीवरून तेल काढणार." दोघेतिघे हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही, आणि तिथून निघून गेलोही नाही.

पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःला असे समजावत राहिलो की त्या हसण्यापासून सरांना वाचवण्यासाठी मी गप्प बसलो. आकडा चुकला असे जाहीर झाले असते तर ते हसणे वाढले असते, हे खरेच आहे. पण चूक माझी होती. हसायचेच तर त्यांनी मला हसायला हवे होते. ते हसणे माझ्याकडे वळवणे माझ्या हातात होते, आणि तेवढे मी केले नाही. शिवाय त्या गप्प बसण्यात दयेचा एक भाव होता. गिरगावातल्या आमच्या कारकुनी घराण्यात कोणाला न दुखावणे हा मोठा गुण समजला जातो. सरांनी माझ्याकडे दया मागितली नव्हती. त्यांनी मला एका पुडीतले तेल मोजायला सांगितले होते.

उद्या सांगू, असे म्हणता म्हणता सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. विभागप्रमुखपद समोर होते, ते नाकारले. निरोपाच्या चहाला ते मला म्हणाले, "तुझ्यामुळे रे, केमिस्ट्री." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

चाळीच्या गच्चीवर जुन्या प्लास्टिकच्या टाक्या, कापलेली पिंपे, हॉस्पिटलमधून मागून आणलेल्या पारदर्शक नळ्या आणि मासे पाळायच्या काचेच्या पेट्या, असा संसार उभा राहिला. काळाचौकीच्या गल्लीत सर 'शेवाळवाले' झाले. गणेशोत्सव जवळ आला की मंडळाचे अध्यक्ष गच्चीवर येत. "जय भीम, सर. यंदा पर्यावरणाचा देखावा आहे. तुमच्या त्या हिरव्या नळ्या द्या ना, आतून लाइट सोडला की एक नंबर दिसतील."

"दिवसा उन्हात राबायचं आणि रात्री मखरात उभं राहायचं? त्यांनाही झोप लागते हो."

"सर, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दहा दिवस तुम्ही जागून बघा, मग या." पण वर्गणीच्या वेळी ते पोरांना रिकाम्या हाताने पाठवत नसत, आणि देखाव्यातला शास्त्राचा मजकूर दरवर्षी तेच तपासून देत.

सहा डिसेंबरच्या दिवसांत मात्र बाटली घरी राही. दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आणि वहिनी लोकांना पिण्याचे पाणी देत उभे असत. तेव्हा शेवाळाविषयी एक शब्द काढत नसत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "आज पाणी स्वच्छच बरं दिसतं."

गच्चीवरचे पाणी हिरवे होत होते, पण तेल काही निम्मे निघत नव्हते. सर महिन्या-दोन महिन्यांनी वाळवलेली पूड कागदात बांधून देत आणि मी ती मोजत असे. आता मी नीट मोजत होतो. दोनदा, तीनदा तापवून. दर वेळी उत्तर तेच: पाचातला एक भाग. दर वेळी मी तो खरा आकडा सरांना सांगत असे. माझ्या अपराधाचा हा भाग मला सर्वांत अवघड जातो. पहिले निम्मे खोटे होते हे ठाऊक नसलेल्या माणसाला नंतरचे सगळे खरे आकडे एकच गोष्ट सांगत होते: शेवाळ चांगले होते, तुझ्या हाती आल्यावर ते बिघडले.

आधी त्यांनी सावलीला दोष दिला. वडिलांच्या गिरणीच्या जागी उंच टॉवर उभा राहिला होता आणि दुपार कलली की त्याची सावली गच्चीवर येई. "बापाला गिरणीने आणि मला तिच्या टॉवरने उन्हातून उठवलं," ते म्हणाले. तेवढ्यापुरते मला हायसे वाटले, हे लिहिताना लाज वाटते. त्यांनी टाक्या सरकवल्या. तेल वाढले नाही.

मग पाण्यातले सूक्ष्म किडे आले. दोन दिवसांत त्यांनी एक अख्खी टाकी खाऊन पाणी स्वच्छ करून टाकले. सरांनी स्वतःची मच्छरदाणी कापून टाक्यांवर बांधली. एका पावसाळ्यात डासांची तपासणी करणारी माणसे चाळीत आली. वर उघडी पिंपे पाहून त्यांच्यातला एक ओरडला, "काका, हे काय? डेंग्यूची फॅक्टरी टाकली का?" सर गच्चीवर पोचेपर्यंत त्यांनी आपले काम चोख केले होते, पिंपांवर डास मारायचे तेल ओतले होते. सर पायरीवर बसून खूप वेळ हसले. "केमिस्ट्री, एवढी वर्षं ह्या पाण्यातून तेल निघावं म्हणून बसलो, आणि ह्यांनी ते वरून घातलं बघ." हसता हसता ते थांबले, आणि मच्छरदाणी सोडायला उठले.

खिशातल्या बाटलीतली वडाळेकरीण वाचली होती. तिच्यावरून त्यांनी सगळे पुन्हा वाढवले. पण त्यानंतर ते स्वतःच्या हातांकडे बघू लागले. साबण बदलला, मग सोडला. केसांना तेल लावायचे बंद केले. न जाणो, हाताला लागून पाण्यात जात असेल. सकाळी चाळीतल्या लोकांना गच्चीवरून त्यांचा आवाज ऐकू येई: "काय बाई, काय कमी केलं तुला? तिकडे खिडकीत दिलंस ना निम्मं? मग माझ्याकडेच का रुसलीस?" लोकांना गंमत वाटे. वहिनी खाली भांडी घासत असत, त्या पाणी जोरात सोडत.

वहिनी शाळेतून निवृत्त झाल्यावर दोघांनी बुद्धगयेला जायचे ठरले होते. ते जमले नाही. टाक्यांतले पाणी हलवायला मागे कोण? "पुढच्या वर्षी," सर म्हणत. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी शेवाळाच्या तेलातून अंग काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. मी त्या मुद्दाम त्यांना वाचून दाखवल्या. वाटले, आता तरी थांबतील, आणि मला काही सांगावे लागणार नाही.

"त्यांच्याकडे वडाळेकरीण नव्हती," सर म्हणाले. "माझ्याकडे होती. मी घालवली."

यंदा चाळ पुनर्विकासात गेली. गच्ची रिकामी करायची होती. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, येऊन जा. ते सामान काढू देत नाहीत कोणाला. म्हणतात, केमिस्ट्रीला बोलवा."

दुपारी गेलो. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तेवढा अजून जागेवर होता. सर खाटेवर बसले होते. हातांना कंप आला आहे, नजर अधू झाली आहे. त्यांनी खिशातून बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"ही तू ने. पुढच्या घरात ऊन येणार नाही. आणि खरं सांगू? माझ्याकडे ठेवण्यात आता अर्थ नाही. हिने निम्मं दिलं ते तुझ्या हातात. माझ्या हातून हिचा गुण गेला. का गेला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्याकडे गेली तर कदाचित परत येईल."

मी बाटली घेतली नाही. घेतली असती तर तेवढ्यावर तो विषय मिटला असता, आणि सर ती समजूत घेऊनच पुढच्या घरी गेले असते.

"सर, हिच्यात निम्मं तेल कधीच नव्हतं."

त्यांचा हात तसाच राहिला. मी सगळे सांगितले. सुट्टीआधीचा दिवस, लालबागला थांबलेले वडील, एकदाच केलेले वजन, सुट्टीनंतर केलेले दुसरे. ते शिक्षकाच्या सावकाश पद्धतीने विचारत गेले.

"हेक्झेनचा वास होता?"

"होता."

"तुला आला?"

"आला, सर."

"आणि दुसऱ्यांदा किती भरलं?"

"पाचातला एक भाग. पुढे दर वेळी भरला तेवढाच."

त्यांनी बाटली स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली. खिडकीच्या उजेडात पाणी हिरवे दिसत होते. "म्हणजे ही बिघडलीच नव्हती," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून अशीच होती. चारचौघींसारखी." त्यांनी बाटली खाली घेतली. "मी हिला काय काय बोललो रे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती ऐकले होते कोण जाणे. त्यांचा आवाज चढला नाही. "भाऊजी, ह्यांनी हाताला साबण लावायचा सोडला तेव्हा तुम्ही इथेच बसला होता. माझ्या हातचं जेवत होता."

"वहिनी, तेव्हा स्टाफरूममध्ये लोक काय बोलत होते ते तुम्हाला माहीत नाही. मला वाटलं, सरांना ते—"

"मला माहीत होतं," सर मध्येच म्हणाले. "कोण काय बोलायचं ते नावानिशी माहीत होतं. त्यांचं ऐकायची मला लहानपणापासून सवय आहे. तू बोलायला हवं होतंस, तेवढं ऐकायचं राहिलं."

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. ते नुसते थकलेले दिसत होते. बाटलीचे झाकण त्यांनी पुन्हा सैल केले आणि ती खिशात ठेवली. माझ्याकडे बघत ते थांबून राहिले. माझ्या ध्यानात आले की इतका वेळ मी कारणे सांगत होतो. वडील, सुट्टी, लोक. ज्यासाठी तोंड उघडले होते ते अजून निघालेच नव्हते. एवढ्या वर्षांत मनाशी त्याची अनेक वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही आठवेना. मी खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो, आणि वहिनींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"सर, शेवाळाचं काही चुकलं नव्हतं. तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं, आणि ते मला माहीत असून मी तुम्हाला तुमच्याच हातांवर संशय घेऊ दिला. वहिनी, तुमचाही मी अपराधी आहे. मला क्षमा करा."